पन्नास अल्बमांच्या यादीत अडकलेल्या वाचकास

पत्राचा आशय: सातारा जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवणाऱ्या आणि नुकतीच पन्नाशी ओलांडलेल्या एका वाचक भगिनींचे हे पत्र आहे. पुण्यात शिकणाऱ्या भाच्यामुळे त्यांना हिप-हॉपची गोडी लागली. 'हे ऐकल्याशिवाय काही ऐकले असे म्हणताच येणार नाही' असे सांगून त्याने त्यांना पन्नास अभिजात अल्बमांची, वर्षांच्या क्रमाने लावलेली यादी दिली. त्या नेमाने ऐकत आहेत, परंतु १९८० च्या दशकातले अल्बम त्यांना रुक्ष वाटतात, तोच तो वाद्यांचा तुकडा फिरत राहतो अशी त्यांची तक्रार आहे. निम्म्याहून अधिक शब्द कळत नाहीत आणि इंग्रजीच्या शिक्षिकेला इंग्रजी गाणे कळू नये याची त्यांना लाज वाटते. काही अल्बमांतील स्त्रियांविषयीची भाषा ऐकून तर त्यांनी ते मध्येच बंद केले. ए ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या चमूचा 'द लो एंड थिअरी' हा एकच अल्बम त्यांनी यादीचा क्रम मोडून 'केवळ त्यातल्या बेससाठी' पुन्हा पुन्हा ऐकला. 'मावशी, आधी पाया पक्का कर', असे भाचा बजावतो. या वयात हे संगीत आपले होऊ शकते का, आणि होणार असेल तर पुढे कोणत्या क्रमाने ऐकावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रात अडचणी पुष्कळ आहेत, परंतु माझे लक्ष थबकले ते क्रम मोडल्याच्या उल्लेखापाशी, कारण नियम चुकल्याची कबुली द्यावी तशा सुरात तुम्ही तो केला आहे. माझे मत नेमके उलट आहे. इतके दिवस जे जे तुमच्या कानांवरून गेले, त्यांतला तुम्ही मनापासून ऐकलेला अल्बम तो एकच आहे आणि पुढची वाट तिथूनच काढायला हवी. यादी फाडून टाका असे मी म्हणणार नाही, पण तिला काही महिने ड्रॉवरमध्ये ठेवा. पन्नास अल्बम ऐकून संपवणे हे तुमचे उद्दिष्ट आहे असे तुम्ही गृहीत धरले आहे, आणि मला वाटते की तुमचा निम्मा थकवा त्या गृहीतकातूनच आला आहे.

वयाचा प्रश्न आधी निकालात काढू. हे तरुणांचे संगीत आहे आणि आपण त्यात उशिरा शिरलो आहोत, असे तुम्हाला वाटते. परंतु ज्यांचे अल्बम तुमच्या यादीत नक्कीच असतील त्यांची जन्मवर्षे पाहा: ट्राइबचा क्यू-टिप १९७० चा, नॅस १९७३ चा, लॉरिन हिल १९७५ ची. तुम्ही शाळा-महाविद्यालयात शिकत होता त्याच वर्षांत ही मुले न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत वाढत होती आणि विशी गाठण्याच्या सुमारास त्यांनी हे अल्बम केले. हे तुमच्याच पिढीचे संगीत आहे. तुमचा भाचा त्याच्याकडे इतिहास म्हणून पाहतो, कारण त्याच्या जन्माआधीच ते घडून गेले होते. तुम्हाला मात्र ते समवयस्कांचे बोलणे म्हणून ऐकता येईल, आणि ही सोय त्याला नाही.

आता क्रमाविषयी. जे आधी आले ते पाया आणि म्हणून ते आधी ऐकायला हवे, हा तुमच्या भाच्याचा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा आहे, पण हिप-हॉपच्या बाबतीत तो फसवा ठरतो, कारण या कलेचा आरंभ अल्बमांत झालेलाच नाही. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या सामायिक खोलीत, सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळा सुरू होण्याआधी एक पार्टी ठेवली होती आणि तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क, तिथे रेकॉर्ड वाजवत होता. गाण्यातले गायन थांबून केवळ ड्रम आणि तालवाद्ये उरतात त्या काही सेकंदांत नाचणारे सर्वांत जास्त रंगतात, हे त्याने हेरले होते. पुढे तो एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून तो तुकडा लांबवत नेऊ लागला, आणि त्या लांबलेल्या तुकड्यावर माइकवरून लोकांना चेतवण्याचे जे बोलणे होते त्यातून रॅप वाढले. रॅपची पहिली मोठी गाजलेली रेकॉर्ड त्यानंतर सहा वर्षांनी, १९७९ मध्ये आली. मधल्या काळातली कला पार्ट्यांमध्ये आणि हातोहात फिरणाऱ्या कॅसेटींवर होती. पुढेही काही वर्षे सुटी गाणीच महत्त्वाची होती आणि अल्बम म्हणजे पुष्कळदा दोन-तीन गाजलेल्या गाण्यांभोवती केलेली भरती होती. म्हणून त्या काळाचे अल्बम रांगेने ऐकताना तुम्हाला कंटाळा आला तर त्यात तुमच्या कानांचा दोष नाही. त्या काळासाठी सुटी गाणी ऐका. ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह यांचे १९८२ चे 'द मेसेज' हे एक गाणे जरी शांतपणे ऐकले, तरी पडक्या वस्तीतल्या माणसाचे रोजचे जगणे रॅपमध्ये येऊ शकते, हे प्रथम एवढ्या मोठ्या श्रोतृवर्गाला कसे जाणवले असेल याची कल्पना येते.

हर्कच्या त्या युक्तीतच तुमच्या दुसऱ्या तक्रारीचे उत्तर आहे. तोच तुकडा फिरत राहतो, कारण तो फिरत राहावा म्हणूनच निवडलेला असतो. तुम्ही कधी तबल्याचे एकलवादन ऐकले असेल तर हार्मोनियमवर किंवा सारंगीवर तोच लेहरा अखंड वाजत असतो, आणि त्यामुळेच तबलजी सम कुठे टाळतो, कुठे अलगद गाठतो हे आपल्याला कळते. रॅपमधल्या लूपचे, म्हणजे त्या फिरत्या तुकड्याचे, कामही असेच असते. तो बदलत नाही म्हणून शब्द कुठे आधी पडला, कुठे रेंगाळला, श्वास कुठे घेतला हे ऐकू येते. तुम्ही आजवर लूपमध्ये बदलाची वाट पाहत होता. आता कान आवाजाकडे वळवा आणि लूप मागे राहू द्या. या एका बदलाने पुष्कळ अल्बम वेगळे ऐकू येतील.

मग वाट कोणती धरावी? वर्षांचा क्रम हा एक मार्ग झाला, आणि त्याची मर्यादा वर आलीच आहे. समीक्षकांच्या क्रमवारीप्रमाणे वरून खाली येणे हा दुसरा, पण त्यात पहिल्या क्रमांकाचा अल्बम आवडला नाही तर माणूस स्वतःलाच नापास करून बसतो. मी सुचवेन तो मार्ग एका वस्तीतून सुरू होतो. हिप-हॉप हे कमालीचे स्थानिक संगीत आहे. कोण कोणत्या रस्त्यावरचा, कोणत्या इमारतींतला, याचा अभिमान आणि त्यावरून झालेली भांडणे यांनी त्यातली निम्मी गाणी भरलेली आहेत. देशभरातल्या पन्नास अल्बमांची यादी ही स्थानिकता पुसून टाकते आणि उरतो तो एकाच प्रकारचा भासणारा आवाज. तुम्हाला आवडलेला अल्बम न्यूयॉर्क शहराच्या पाच विभागांपैकी क्वीन्सचा आहे. योगायोग असा की अभिजात मानल्या गेलेल्या अल्बमांपैकी बरेच याच क्वीन्समधून आले, म्हणून पुढचे दोन-तीन महिने क्वीन्स सोडूच नका.

आरंभ अर्थात 'द लो एंड थिअरी'पासूनच, कारण तो तुमचा आहे. सप्टेंबर १९९१ मध्ये आलेल्या या अल्बमची पहिली काही सेकंदे पुन्हा ऐका. फक्त बेस वाजतो, आर्ट ब्लेकी यांच्या जॅझ संचाच्या एका रेकॉर्डवरून उचललेला. ड्रम नसतानाच क्यू-टिप बोलायला लागतो, आणि बोलतो काय, तर हे हिप-हॉप ऐकून वडिलांना बीबॉप हा जॅझचा प्रकार आठवत असे. ड्रम नंतर येतात, आणि ते येतात तेव्हा अंगात जे होते त्यासाठीच ही इतकी वाट पाहायला लावलेली असते. याच अल्बमच्या एका गाण्यात रॉन कार्टर स्वतः डबल बेस वाजवतात. १९६० च्या दशकात जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या पाच वादकांच्या संचात जे बेसवादक होते, तेच हे. बेससाठी अल्बम परत परत ऐकणारी श्रोती म्हणजे अल्बमच्या गाभ्यापाशी पोहोचलेली श्रोती होय. 'केवळ' हा शब्द तुमच्या वाक्यातून काढून टाका. या खेपेला मात्र बेसच्या जोडीला दोन आवाज वेगळे काढून ऐका: क्यू-टिपचा मऊ, किंचित नाकातला, आणि फाइफ डॉगचा टोकदार, खेळकर. 'चेक द ऱ्हाइम' या गाण्यात ते एकमेकांना हाक मारून ओळी वाटून घेतात आणि आपण लहानपणी लिंडन बुलेवार्डवर कसे जमत होतो ते सांगतात. लिंडन बुलेवार्ड हा क्वीन्समधला रस्ता आहे. नकाशावर तो शोधा आणि मग तिथून वायव्येला नजर न्या, जिथे ईस्ट नदीच्या काठी क्वीन्सब्रिज ही वस्ती दिसेल.

क्वीन्सब्रिज ही उत्तर अमेरिकेतील सर्वांत मोठी सार्वजनिक गृहवसाहत आहे. १९३९ मध्ये उभ्या राहिलेल्या, सहा मजली विटांच्या इमारती पुलाच्या सावलीत ओळीने पसरल्या आहेत. नॅस तिथे वाढला, आणि एप्रिल १९९४ मध्ये, विसाव्या वर्षी, त्याने 'इलमॅटिक' काढला. त्यात दहा ट्रॅक आहेत, एकूण वेळ चाळीस मिनिटांच्या आसपास, त्यामुळे महाविद्यालयातून परतल्यावर चहा होईपर्यंत तो सलग ऐकून होतो. तुमच्या आवडत्या क्यू-टिपने त्यातल्या 'वन लव्ह' या गाण्याचे संगीत केले आहे, म्हणून दार म्हणून हेच गाणे निवडा. हीथ ब्रदर्स या जॅझ संचाच्या रेकॉर्डवरचा, बोटांनी छेडलेल्या आफ्रिकी वाद्याचा एक मंद तुकडा त्यात फिरत राहतो. त्यावर नॅस जे म्हणतो ती तुरुंगातल्या मित्राला लिहिलेली पत्रे आहेत. वस्तीतल्या बातम्या, मित्राला झालेले मूल, त्याच्या मैत्रिणीचे वागणे, त्याच्या आईची चौकशी, असे सगळे त्या पत्रांत येते. शेवटच्या कडव्यात पत्राचा सूर बदलतो. नॅस एका बाकावर जेमतेम बारा वर्षांच्या मुलापाशी बसला आहे, तो मुलगा आताच गुन्हेगारीच्या वाटेला लागला आहे, आणि विशीतला नॅस त्याला मोठ्या माणसासारखे चार शब्द सांगतो. इंग्रजी साहित्य शिकवणाऱ्या तुम्हाला पत्ररूप निवेदन काय साधते हे मी सांगायला नको, पण ते चार-पाच मिनिटांत, ठेक्यावर आणि यमकांत कसे साधले आहे हे मात्र तुम्ही ऐकावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

'इलमॅटिक'मधून बाहेर पडायला दारे अनेक आहेत. 'द वर्ल्ड इज युअर्स'मधला पियानो जॅझ पियानोवादक अहमद जमाल यांचा. तो वेचून त्याचा ठेका बांधला पीट रॉकने. 'एन.वाय. स्टेट ऑफ माइंड'चा अंधारा पियानो डीजे प्रीमियरने बसवला. दुसऱ्या एका गाण्याच्या अखेरीस जे कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखे वाद्य, वाजते ते नॅसच्या वडिलांचे, ओलू दारा यांचे; ते मिसिसिपीतून आलेले जॅझ वादक आहेत. ज्याचे काम भावले त्याचे नाव धरून पुढे जा. प्रीमियर आवडला तर त्याच्या गँग स्टार या जोडीचे अल्बम घ्या. क्वीन्सब्रिजमध्येच थांबावेसे वाटले तर मॉब डीपचा १९९५ चा 'द इन्फेमस' आहे, ज्याच्या संगीतालाही क्यू-टिपचा हात लागलेला आहे, पण तो फार काळोखा अल्बम आहे, हे आधीच सांगून ठेवतो. आणि मग मागे वळा. १९८६-८७ मध्ये याच वस्तीतला एमसी शॅन आणि ब्रॉन्क्सचा केआरएस-वन यांच्यात गाण्यांतून जे भांडण पेटले ते ऐका, आणि त्याही मागे, क्वीन्समधल्याच हॉलिस या भागातले रन-डीएमसी. त्यांचा १९८४ चा पहिला अल्बम तुम्हाला रुक्ष वाटला होता. नॅस ऐकून तिथे परत गेलात, तर केवळ ड्रम मशीन आणि दोन ओरडते आवाज एवढ्यावर उभे राहण्याचे धाडस त्या काळी काय होते ते जाणवेल. पाया म्हणतात तो असा मागून कळत जातो. भाच्याला हे जरूर सांगा.

शब्दांविषयी तुम्हाला वाटणारी लाज मला सर्वांत जास्त खटकली. हे तुम्ही शिकवता ते इंग्रजी नाही. आफ्रिकी-अमेरिकी समाजाच्या इंग्रजीला स्वतःचे नियमबद्ध व्याकरण आहे, त्यात त्या त्या वस्तीचे शब्द मिसळलेले असतात, आणि न्यूयॉर्कच्या अनेक रॅपर्समध्ये हार्लेममध्ये १९६४ मध्ये सुरू झालेल्या फाइव्ह पर्सेंट नेशन या पंथाची परिभाषाही येते. ते एकमेकांना 'गॉड' का म्हणतात हे त्या पंथाची माहिती असल्याशिवाय कळणे शक्य नाही. दुसऱ्या शहरातल्या अमेरिकन श्रोत्यालाही पहिल्या खेपेला यातले सगळे कळत नव्हते. तेव्हा पहिल्या दोन-तीन वेळा शब्दांचा अर्थ लावूच नका, त्यांचा नाद ऐका. एरिक बी. अँड रकीम यांचा १९८७ चा 'पेड इन फुल' यासाठी उत्तम आहे. त्याआधीचे बहुतेक रॅपर ओळीच्या शेवटी यमक जुळवून थांबत; सॅक्सोफोन वाजवत वाढलेला रकीम ओळीच्या पोटात यमके पेरतो आणि वाक्य पुढच्या ओळीत ओढून नेतो, आवाज मात्र एकदाही चढवत नाही. हे ऐकायला एकही शब्द कळण्याची गरज नाही. त्यानंतर एका वेळी एकच गाणे घ्या आणि त्याचे शब्द समोर ठेवून वाचा. इंटरनेटवर ओळीओळीचे अर्थ देणाऱ्या जागा आहेत, परंतु त्यांतले बरेच अर्थ चाहत्यांनी लावलेले असतात. तुमच्या विद्यार्थ्यांना कोणत्याही टीपेविषयी जी सावधगिरी बाळगायला सांगत असाल, ती इथेही बाळगा. पूर्ण अल्बमचे शब्द एका बैठकीत वाचू नका, त्याने गाणे मरते.

आता सर्वांत अवघड मुद्दा. स्त्रियांविषयीची भाषा ऐकून तुम्ही अल्बम बंद केलेत आणि वर विचारता की आपण जुन्या वळणाच्या आहोत का. नाही. ती भाषा तिरस्काराचीच आहे आणि ती तशी ऐकू येणे म्हणजे नीट ऐकणे होय. 'त्यांच्या संस्कृतीत असेच असते' हे उत्तर कोणी दिले तर स्वीकारू नका, कारण त्या समाजातल्या स्त्रियांनीच त्यावर पहिल्यापासून आक्षेप घेतला आहे. जोन मॉर्गन यांच्यासारख्या कृष्णवर्णीय लेखिका १९९० च्या दशकात या संगीतावर प्रेम करत करत त्याच्याशी भांडत होत्या. एकाच अल्बममध्ये दोन गोष्टी शेजारी असू शकतात. लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टन येथील एन.डब्ल्यू.ए. या चमूच्या १९८८ च्या अल्बममध्ये पोलिसी अत्याचाराविरुद्धचे जे गाणे आहे त्यावरून एफबीआयच्या एका अधिकाऱ्याने १९८९ मध्ये रेकॉर्ड कंपनीला निषेधाचे पत्र पाठवले होते, आणि त्याच अल्बममध्ये स्त्रियांविषयी हीन भाषाही आहे. त्याच चमूतल्या डॉक्टर ड्रेचा १९९२ चा 'द क्रॉनिक' ध्वनिरचनेसाठी थोर मानला जातो, आणि याच ड्रेने १९९१ मध्ये डी बार्न्स या दूरचित्रवाणी निवेदिकेवर हल्ला केला होता, हीही नोंद झालेली गोष्ट आहे. आपल्या हातून दुखावल्या गेलेल्या स्त्रियांची त्याने जाहीर माफी मागितली ती २०१५ मध्ये. हे सगळे माहीत करून घेऊन कोणी तो अल्बम ऐकतो, कोणी ऐकत नाही. तुम्ही ऐकला नाहीत तर तुमच्या जाणकारीत काही उणे राहील असे मला वाटत नाही.

मात्र यादीलाही एक प्रश्न विचारा. तिच्यात स्त्रियांचे अल्बम किती आहेत? अशा याद्यांत पुष्कळदा एकटी लॉरिन हिल असते. तिचा १९९८ चा 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल' असायलाच हवा. वर्षाच्या सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळवणारा तो हिप-हॉपमधला पहिला अल्बम, आणि शाळेच्या वर्गातल्या प्रेमाविषयीच्या गप्पा त्यात अधूनमधून येतात, ज्या एखाद्या शिक्षिकेला विशेष आवडतील. पण तिच्या दहा वर्षे आधी, १९८८ मध्ये, एमसी लाइटचा 'लाइट ॲज अ रॉक' आला होता आणि १९८९ मध्ये क्वीन लतीफाचा 'ऑल हेल द क्वीन'. एमसी लाइट तेव्हा अठराच्या आसपास होती आणि तिच्या आवाजात जी निर्धास्त धार आहे ती ऐकल्यावर त्या दशकाविषयीचे तुमचे मत बदलेल, असा मला विश्वास आहे.

कृष्णवर्णीयांसाठी वापरला जाणारा, इंग्रजी 'एन'ने सुरू होणारा तो एक अपमानकारक शब्द या अल्बमांत शेकडो वेळा येईल. तो समाज आपसात तो कसा वापरतो यावर त्या समाजातही एकमत नाही. आपण मात्र गाणे गुणगुणताना तिथे गप्प राहावे, एकटे असलो तरी. भाच्यालाही हे सांगा. त्याच्या वयाच्या मुलांना हे कोणी सांगितलेले नसते.

तुम्ही आणखी एक सूक्ष्म निरीक्षण नोंदवले आहे, ते असे की १९८८-८९ चे अल्बम आवाजांनी खच्चून भरलेले वाटतात आणि १९९२ नंतरचे मोकळे. त्यामागे बऱ्याच अंशी न्यायालय आहे. पब्लिक एनिमी या चमूच्या १९८८ च्या अल्बममध्ये किंवा डी ला सोल या चमूच्या १९८९ च्या 'थ्री फीट हाय अँड रायझिंग'मध्ये एकेका गाण्यात अनेक रेकॉर्डचे तुकडे एकावर एक चढवलेले आहेत, कारण तेव्हा त्यांसाठी परवानगी घेण्याची सक्त रीत पडली नव्हती. डिसेंबर १९९१ मध्ये बिझ मार्की या रॅपरच्या एका गाण्यावरील खटल्यात न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी 'चोरी करू नकोस' या बायबलमधील आज्ञेने निकालपत्राची सुरुवात केली, आणि त्यानंतर प्रत्येक तुकड्याचे पैसे मोजणे भाग पडू लागले. एका गाण्यात दहा तुकडे परवडेनासे झाले. डी ला सोलचा तो अल्बम तर या हक्कांच्या गुंत्यामुळे मार्च २०२३ पर्यंत स्ट्रीमिंगवर उपलब्धच नव्हता. आपल्याकडचा एक धागाही यात आहे. २००२ मध्ये ट्रूथ हर्ट्स या गायिकेच्या 'ॲडिक्टिव्ह' या गाण्यात 'ज्योती' (१९८१) चित्रपटातील 'थोडा रेशम लगता है' हे बप्पी लाहिरी यांच्या संगीतातले, लता मंगेशकर यांचे गाणे न विचारता वापरले गेले, आणि बप्पीदांना श्रेय दिल्याशिवाय तो अल्बम विकता येणार नाही असा आदेश अमेरिकेतल्या न्यायालयाने दिला. त्या गाण्यात मधेच जो पुरुषी आवाज रॅप करतो तो रकीमचा आहे. लताबाई आणि रकीम एका गाण्यात ऐकणे हा अनुभव घेण्याजोगा आहे, श्रेयाचा अन्याय मनात ठेवूनही.

भाच्याविषयी थोडेसे. तो तुम्हाला पाया पक्का करायला सांगतो, पण तुम्ही लिहिता त्यावरून तो स्वतः डिव्हाईन आणि नेझी या मुंबईच्या रॅपर्सपासून सुरू होऊन उलटा मागे गेलेला दिसतो. म्हणजे त्यानेही आपल्या ओळखीच्या गल्लीतूनच सुरुवात केली. मुंबईच्या या रॅपर्सवरून प्रेरणा घेतलेल्या २०१९ च्या 'गली बॉय' या चित्रपटाचा एक कार्यकारी निर्माता नॅस होता, त्यामुळे त्याची वाट आणि मी तुम्हाला सुचवलेली वाट पुढे कुठेतरी मिळतेच. त्याला विनंती करा की यादी देण्याऐवजी आठवड्याला एकच गाणे पाठव, आणि ते तुला का आवडते ते दोन ओळींत लिहून पाठव. तुम्हीही त्याला एक पाठवा. त्या दोन ओळी लिहिणे त्यालाही वाटते तेवढे सोपे जाणार नाही.

ज्या वाचकांना तुमच्यासारखा बेस नाही तर दुसरेच काही भावले असेल, त्यांनीही आपल्या त्या पहिल्या ओढीवर विश्वास ठेवावा. गोष्ट आवडत असेल तर स्लिक रिकचा १९८८ चा अल्बम आणि ब्रुकलिनच्या नोटोरियस बी.आय.जी. याचा १९९४ चा 'रेडी टू डाय' घ्यावा. दुसऱ्यात शिवराळपणा भरपूर आहे, पण प्रसंग डोळ्यांसमोर उभे करण्यात त्याचा हात धरणारा विरळा. गळ्याची ओढ असेल तर लॉरिन हिल, आणि त्याआधी तिचा फ्यूजीज या चमूबरोबरचा १९९६ चा 'द स्कोअर'. कोणताही अल्बम निवडा, किमान दोन आठवडे तोच ठेवा, त्यातले एखादे गाणे भावले नाही तर खुशाल ओलांडा, आणि शक्यतो हेडफोनवर ऐका, कारण फोनच्या स्पीकरवर बेस जवळपास नाहीसा होतो.

क्वीन्समध्ये रमून झाले की एका संध्याकाळी हा प्रयोग करा. ९ नोव्हेंबर १९९३ या एकाच दिवशी न्यूयॉर्कमधून दोन अल्बम बाजारात आले: ट्राइबचा 'मिडनाइट मॅरॉडर्स', आणि स्टेटन आयलंडकडच्या वू-टँग क्लॅनचा 'एंटर द वू-टँग'. एक ओलसर, उबदार, गुळगुळीत. दुसरा खरखरीत, जुन्या कुंगफू चित्रपटांचे संवाद मधे पेरलेला, नऊ जण एकमेकांच्या अंगावर येत असल्यासारखा. लागोपाठ ऐका, आणि दुसरा असह्य झाला तर थांबा. तो आवडला तर क्लॅनच्या एकेका सदस्याचे स्वतंत्र अल्बम पुढे आहेत. नाही आवडला तर दक्षिणेकडे, अटलांटाला जा. १९९५ च्या एका पुरस्कार सोहळ्यात न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवल्यावर आउटकास्ट या तिथल्या जोडीतल्या आंद्रेने व्यासपीठावरून सांगितले होते की दक्षिणेलाही काही म्हणायचे आहे. ते काय म्हणायचे होते, ते १९९८ च्या 'अक्वेमिनी'त पूर्ण ऐकू येते, आणि त्यातला बेस तुम्हाला फार आवडेल.